मागितल्याशिवाय येणारं ग्लिसरिन

ग्लिसरिनची बाटली कधी तिरकी करून पाहिलीत? आतला द्रव लगेच वाहत नाही. आधी काचेला धरून राहतो, मग जांभई दिल्यासारखा सावकाश एका बाजूला सरकतो, आणि बाटली सरळ केल्यावरही काचेवर त्याचा पातळ पडदा बराच वेळ टिकतो. रंग नाही, वास नाही, चव गोड. ओलसर बोटाला लावलं तर किंचित ऊब जाणवते, कारण पाणी दिसलं की ते ओढून घ्यायचं हा त्याचा स्वभाव आणि त्या ओढाओढीत थोडी उष्णता बाहेर पडते.

हेच ग्लिसरिन टूथपेस्टमध्ये असतं, खोकल्याच्या औषधात असतं, रंगात आणि गादीच्या फोममध्ये वेगळ्या रूपात असतं. डोंगर फोडणाऱ्या डायनामाइटमध्ये होतं आणि छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या गोळीतही आहे. या यादीचं आश्चर्य बहुतेकांना वाटतं. मला मात्र यातली खरी गंमत बाजाराची वाटते. जगात आज तयार होणारं बहुतेक ग्लिसरिन कुणी ग्लिसरिन हवं म्हणून बनवतच नाही. सुताराकडे जसा भुसा जमतो तसं ते जमतं. भुशाला भाव आला म्हणून सुतार जास्त टेबलं बनवत नाही आणि भाव पडला म्हणून रंधा खाली ठेवत नाही. ग्लिसरिनचं नेमकं हेच आहे, आणि त्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

हात किती आणि त्या हातांत काय

थोडं रसायनशास्त्र आधी उरकून घेऊ. ऑक्सिजन आणि हायड्रोजनची ‘ओएच’ ही जोडी कार्बनच्या सांगाड्याला लटकली की त्या पदार्थाला अल्कोहोल म्हणतात. दारूतल्या इथेनॉलला असा एकच ओएच असतो. एकापेक्षा जास्त असतील तर पॉलिओल. इथिलीन ग्लायकॉलला दोन, ग्लिसरिनला तीन, पेंटाएरिथ्रिटॉलला चार, झायलिटॉलला पाच, सॉर्बिटॉल आणि मॅनिटॉलला सहा. या ओएचना आपण हात म्हणू.

हे हात पाण्याचे हात पटकन धरतात. म्हणून पॉलिओल पाण्यात विरघळतात आणि हवेतली ओल शोषतात. एकमेकांचेही हात धरून ठेवतात, म्हणून ग्लिसरिन दाट असतं आणि उकळायला २९० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावं लागतं. टूथपेस्टची नळी उघडी राहिली तरी पेस्ट दगड होत नाही, त्याचं श्रेय या हातांना.

पण हात आहेत म्हणजे त्यांत काहीतरी देताही येतं. अल्कोहोलच्या हाताला आम्ल जोडलं आणि मधून पाणी निघून गेलं की जे तयार होतं त्याला एस्टर म्हणतात. ग्लिसरिनच्या तिन्ही हातांत मेदाम्लं दिली की होतं तेल किंवा चरबी. वनस्पती आणि प्राणी हे काम रोज करतात. त्याच तीन हातांत मेदाम्लांऐवजी नायट्रिक आम्लाचे गट आले की होतं नायट्रोग्लिसरिन. हे नाव खरं तर चुकीचं आहे. रसायनशास्त्राच्या हिशेबाने तो ‘नायट्रो’ जातीचा पदार्थ नाही, नायट्रेट एस्टर आहे. औषधशास्त्रात त्याला ग्लिसरिल ट्रायनायट्रेट म्हणतात ते बरोबर. पण चुकीची नावं एकदा रुजली की रुजली.

आता एक आकडा, जो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा तपासून पाहिला होता. एक किलो चरबी पूर्ण जळली तर सुमारे ३७ मेगाज्यूल ऊर्जा देते. एक किलो नायट्रोग्लिसरिनच्या स्फोटातून मिळते सुमारे ६.३ मेगाज्यूल. म्हणजे ऊर्जेच्या बाबतीत तळणीचं तेल स्फोटकाच्या जवळपास सहापट श्रीमंत! मग तेलाचा स्फोट का होत नाही? कारण तेलाला जळायला बाहेरचा ऑक्सिजन लागतो आणि हवा जितकी पोचेल तितकंच ते जळतं. नायट्रेट एस्टर आपला ऑक्सिजन स्वतःच्या रेणूतच बाळगतो. सरपण आणि हवा एकाच खिशात. त्याला कुणाची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे सगळी ऊर्जा सेकंदाच्या लाखाव्या भागांत बाहेर येते आणि गरम वायू कित्येक पटींनी फुगतात. डोंगर फुटतो तो ऊर्जेच्या साठ्याने नव्हे, ती बाहेर येण्याच्या घाईने.

सांडपाण्यातून सोनं

ग्लिसरिन प्रथम वेगळं काढलं ते स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल शीले याने, अठराव्या शतकाच्या अखेरीस, ऑलिव्ह तेल आणि शिशाचं ऑक्साइड एकत्र तापवताना. तेलातून गोड पदार्थ निघाला याचंच त्याला नवल वाटलं. पुढे फ्रान्समध्ये मिशेल शव्रूल याने चरबीची रचना उलगडली आणि गोड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ग्लिसरिन हे नाव दिलं. नाव मिळालं, पण उपयोग फारसा मिळाला नाही. साबण करताना चरबी आणि अल्कली उकळली की मेदाम्लांचा साबण होतो आणि ग्लिसरिन खालच्या खारट पाण्यात उतरतं. चरबीच्या वजनाच्या साधारण एक दशांश इतकं. कित्येक साबण कारखाने ते पाणी सरळ सोडून देत.

१८४७ मध्ये इटलीतल्या तुरिनमध्ये अस्कानियो सोब्रेरो याने नायट्रोग्लिसरिन बनवल्याचं जाहीर केलं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्याने नव्या पदार्थाचा अंश जिभेवर ठेवून पाहिला आणि डोकं ठणकायला लागल्याची नोंद केली. ही डोकेदुखी लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे. सोब्रेरोला आपल्या शोधाची भीतीच जास्त वाटली. व्यापार केला तो आल्फ्रेड नोबेलने, आणि त्याची किंमतही मोजली. १८६४ मध्ये स्टॉकहोमजवळच्या त्याच्या प्रयोगशाळेत स्फोट झाला, त्यात त्याचा धाकटा भाऊ एमिल आणि इतर काही जण गेले. १८६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गळक्या खोक्यातलं नायट्रोग्लिसरिन फुटून पंधराजण दगावले. द्रव रूपात हा माल हलवणं म्हणजे मरणाशी खेळ होता.

नोबेलने १८६७ मध्ये तो द्रव किझेलगुर नावाच्या सच्छिद्र मातीत मुरवला आणि त्याला डायनामाइट म्हटलं. ही माती डायटम या सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांची बनलेली असते. द्रव तिच्या कणांत अडकला की धक्क्याला पूर्वीइतका बिचकत नाही.

इथे अर्थशास्त्राचा एक धडा आहे. डायनामाइट बारुदीपेक्षा किलोमागे बरंच महाग होतं. तरी बोगदे खणणारे त्याच्यावर तुटून पडले. का? कारण त्या काळी खडकात भोक पाडणं हे सगळ्यात खर्चिक काम होतं. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, तासन्तास. स्फोटक जितकं जोरकस तितकी भोकं कमी. म्हणजे ठेकेदार पैसे मोजत होता ते स्फोटकाचे नव्हेतच, वाचलेल्या घणांचे. हिशेब किलोचा न करता बोगद्याच्या मीटरचा केला की महाग वस्तू स्वस्त ठरते. सेंट गोटहार्डचा पंधरा किलोमीटरचा रेल्वे बोगदा १८७२ ते १८८२ या दहा वर्षांत याच स्फोटकाने फुटला.

आणि ज्या खारट पाण्याकडे साबणवाले ढुंकूनही पाहत नव्हते, ते गाळून, आटवून, ऊर्ध्वपातन करून ग्लिसरिन काढणं हा धंदा झाला. काही वर्षं अशी आली की साबणाच्या नफ्याचा मोठा भाग साबणाचा नव्हताच.

युद्ध, यीस्ट आणि उरलेली चरबी

जोडीने निघणाऱ्या मालाची अडचण टंचाईत कळते. गव्हाची मागणी वाढली तर शेतकरी पुढच्या हंगामात जास्त गहू पेरतो. ग्लिसरिनची मागणी अचानक दुप्पट झाली तर काय करायचं? लोकांना दुप्पट साबण वापरा म्हणून सांगायचं?

पहिल्या महायुद्धात नेमकी हीच वेळ आली. तोफांच्या धूररहित दारूत नायट्रोग्लिसरिन लागत होतं. ब्रिटिशांच्या कॉर्डाइटमध्ये तर तो मुख्य घटकांपैकी एक. जर्मनीची समुद्रातून नाकेबंदी झालेली, तेलबिया आणि चरबी येईना, होती ती माणसांना खायला पुरेना. तेव्हा जर्मन रसायनतज्ज्ञांनी यीस्टला फसवलं. यीस्ट साखरेची दारू करतं तेव्हा शेवटच्या पायरीवर ॲसिटाल्डिहाइड नावाच्या पदार्थावर हायड्रोजन टाकून मोकळं होतं. आंबवणीत सल्फाइट घातलं की ते ॲसिटाल्डिहाइडला पकडून ठेवतं. बिचाऱ्या यीस्टला हायड्रोजन टाकायला दुसरी जागा शोधावी लागते आणि त्यातून ग्लिसरिन बनतं. कार्ल न्यूबर्गने ही प्रक्रिया उलगडून दाखवली होती, कोनस्टाइन आणि ल्युडेके यांनी ती कारखान्यात नेली आणि महिन्याला सुमारे १००० टन ग्लिसरिन साखरेतून निघू लागलं. युद्ध संपलं तशी ही प्रक्रिया गुंडाळली गेली. चरबी पुन्हा मिळू लागल्यावर साखरेचं ग्लिसरिन कुणाला परवडणार?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने वेगळी वाट धरली. तळणीनंतर कढईत उरलेली चरबी गाळून डब्यात साठवा आणि खाटकाकडे नेऊन द्या, अशी मोहीम गृहिणींसाठी चालवली. बदल्यात थोडे पैसे आणि पुढेपुढे रेशनचे गुणही मिळत. भित्तिपत्रकांवर कढईतून सांडणारी चरबी थेट बॉम्बमध्ये पोचताना दाखवली होती. प्रचार म्हणून भडक, पण रसायनशास्त्र म्हणून बिनचूक.

बाण उलटा फिरला

असा परावलंबी कच्चा माल उद्योगाला आवडत नाही. १९४८ मध्ये शेल कंपनीने अमेरिकेत पेट्रोलियममधल्या प्रोपिलीनपासून ग्लिसरिन करायचा कारखाना सुरू केला. प्रोपिलीनवर क्लोरिनची प्रक्रिया, मग एपिक्लोरोहायड्रिन नावाचा मधला पदार्थ, आणि त्यातून ग्लिसरिन. युद्धकाळातली धडपड सोडली तर आता पहिल्यांदा ग्लिसरिन हवं म्हणून ग्लिसरिन बनत होतं. साबणाच्या ग्लिसरिनला प्रतिस्पर्धी आला. भाव फार चढला तर कृत्रिम ग्लिसरिन जास्त बनवायचं, उतरला तर कमी. बाजाराला एक झडप मिळाली.

ही झडप पन्नासेक वर्षं टिकली. मग आलं बायोडिझेल. तेलाच्या रेणूतल्या ग्लिसरिनच्या हातांतून मेदाम्लं काढून घ्यायची आणि ती मिथेनॉलच्या हातात द्यायची, एवढंच बायोडिझेल. ग्लिसरिनचे हात रिकामे होतात आणि ते तळाशी बसतं. दहा टन बायोडिझेलमागे साधारण एक टन. २००० नंतरच्या दशकात युरोप आणि अमेरिकेत सरकारी धोरणांच्या जोरावर बायोडिझेलचे कारखाने भराभर उभे राहिले. ग्लिसरिन किती लागेल याचा विचार त्यांतल्या एकालाही करायचा नव्हता. ते सबसिडी आणि डिझेलचा भाव बघत होते.

बाजारात ग्लिसरिनचा पूर आला. त्यातही हा माल कच्चा. मिथेनॉल, क्षार, साबणाचे अंश, पाणी, सगळं मिसळलेलं, तपकिरी, औषधाच्या जवळपासही नेता येणार नाही असं. ते शुद्ध करायला पैसा लागतो आणि शुद्ध करून विकायला जागा नाही. काही लहान कारखान्यांना ते उचलून न्यायला उलट पैसे द्यावे लागले. काहींनी बॉयलरमध्ये जाळलं. २००६ मध्ये डाऊ कंपनीने टेक्सासमधला कृत्रिम ग्लिसरिनचा कारखाना बंद केला. झडप गेली.

आणि २००७ च्या सुमारास सॉल्व्हे कंपनीने फ्रान्समध्ये जे केलं ते या साऱ्या कथेतलं मला सगळ्यात आवडतं वळण. त्यांनी ग्लिसरिनपासून एपिक्लोरोहायड्रिन बनवायला सुरुवात केली. म्हणजे १९४८ ची वाट तीच, मधलं स्टेशन तेच, फक्त गाडी उलट्या दिशेने. पूर्वी एपिक्लोरोहायड्रिनपासून ग्लिसरिन करणं फायद्याचं होतं, आता ग्लिसरिनपासून एपिक्लोरोहायड्रिन. रसायनशास्त्राचे नियम तेच. बदलला तो भाव. या एपिक्लोरोहायड्रिनपासून इपॉक्सी राळ बनते, जी पवनचक्कीच्या पात्यांत आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सर्किट बोर्डात जाते.

उलटा झटकाही बसतो. २०२० मध्ये टाळेबंदीने गाड्या उभ्या राहिल्या, डिझेलचा खप घसरला, त्याबरोबर बायोडिझेल घटलं आणि ग्लिसरिनही. नेमक्या त्याच महिन्यांत हात निर्जंतुक करायच्या द्रावणाला मागणी आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाककृतीत हात कोरडे पडू नयेत म्हणून १.४५ टक्के ग्लिसरिन असतं. टक्का छोटा, पण सगळं जग एकाच वेळी हात धुतंय म्हटल्यावर भाव चढले.

याच बाजाराची एक काळी बाजूही आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. औषधी दर्जाचं शुद्ध ग्लिसरिन महाग असतं. डायइथिलीन ग्लायकॉल हा पदार्थ तसाच पारदर्शक, दाटसर, तसाच गोड, पण स्वस्त आणि मूत्रपिंडांसाठी घातक. १९३७ मध्ये अमेरिकेत एका औषधाचं द्रावण या ग्लायकॉलमध्ये केलं गेलं आणि शंभरावर माणसं गेली, त्यातली बरीच मुलं. पुढच्याच वर्षी तिथला औषध कायदा कडक झाला. तरी २००६ मध्ये पनामात खोकल्याच्या औषधात ग्लिसरिन म्हणून हेच आलं, आणि २०२२ मध्ये गाम्बियात मुलांच्या औषधात पुन्हा तेच आढळलं. पिंपावर लिहिलेलं नाव हातोहात बदलत जातं आणि शेवटचा खरेदीदार चाचणी न करता ते खरं मानतो. दोन्ही द्रव नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अवघड, साधी प्रयोगशाळा मात्र ते सहज ओळखते. तेवढा खर्च वाचवण्याचा मोह दर काही वर्षांनी कुठेतरी कुणाला तरी होतो.

चुलत भावंडं

ग्लिसरिनच्या घरातली बाकीची मंडळी थोडक्यात पाहू.

इथिलीन ग्लायकॉल, दोन हातांचं. गाडीच्या रेडिएटरमधलं पाणी गोठू नये म्हणून ते घालतात, पण त्याचा फार मोठा खप पॉलिस्टर धाग्यात आणि पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांत आहे. त्याच्या नायट्रेट एस्टरने रेडिएटरसारखंच काम डायनामाइटमध्ये केलं. नायट्रोग्लिसरिन १३ अंशांच्या आसपास गोठतं. थंडीत गोठलेल्या कांड्या शेगडीपाशी ठेवून ऊब देताना किती खाणकामगार गेले असतील याची कल्पना करवत नाही. स्वस्त ग्लायकॉल १९२० च्या दशकात मिळू लागल्यावर दोन्ही एस्टर मिसळले जाऊ लागले आणि गोठणं थांबलं.

पेंटाएरिथ्रिटॉल, चार हातांचं. याची मला नेहमी मौज वाटते. मुख्य खप तैलरंगांच्या अल्किड राळेत, आणि विमानाच्या जेट इंजिनांच्या वंगणात. पोलादी इमारतींवर एक रंग देतात, जो आग लागली की फुगून कोळशासारखा जाड थर बनवतो आणि पोलाद तापून मऊ पडण्याआधी वेळ मिळवून देतो. त्या थराचा कार्बन बऱ्याचदा पेंटाएरिथ्रिटॉलमधून येतो. आणि याच रेणूचे चारही हात नायट्रेटने भरले की तो स्फोट पुढे नेणाऱ्या दोरीच्या गाभ्यातलं स्फोटक होतो. एका रूपात आग रोखतो, दुसऱ्या रूपात स्फोट घडवतो.

सॉर्बिटॉल, सहा हातांचं, ग्लुकोजवर हायड्रोजनची प्रक्रिया करून मिळतं. सॉर्बस जातीच्या झाडांच्या फळांत प्रथम सापडलं म्हणून हे नाव. साखरविरहित गोळ्यांत असतं, टूथपेस्टमध्ये असतं आणि १९३० च्या दशकात राइशटाइनने शोधलेल्या पद्धतीत क जीवनसत्त्वाचा प्रवासही सॉर्बिटॉलवरूनच जातो. इथे पुन्हा बाजार डोकावतो. ओल धरून ठेवायचं काम सॉर्बिटॉल आणि ग्लिसरिन दोघंही करतात, त्यामुळे एकाचा भाव चढला की टूथपेस्टवाले दुसऱ्याकडे झुकतात. नळीमागची बारीक अक्षरातली यादी म्हणजे त्या काळच्या भावांची सावली.

सगळ्यात मोठा ग्राहक मात्र पॉलियुरेथेन. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर आणि सहकाऱ्यांनी शोधलेलं हे प्लास्टिक पॉलिओल आणि आयसोसायनेट नावाचं रसायन एकत्र आणून बनतं. ग्लिसरिनच्या तीन हातांवर लांबलचक साखळ्या वाढवल्या तर सैल जाळं मिळतं, म्हणजे मऊ गादी. सॉर्बिटॉल किंवा साध्या साखरेच्या जास्त हातांवर आखूड साखळ्या वाढवल्या तर घट्ट जाळं, म्हणजे फ्रिजच्या भिंतीतला कडक फोम. हातांच्या संख्येवर ठरतं तुम्ही त्यावर झोपणार की त्यात बर्फ ठेवणार.

आणि सेल्युलोज. कापूस, लाकूड, कागद म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची लांब साखळी, दर कडीला तीन हात. म्हणजे तसा हाही पॉलिओलच. १८४६ च्या सुमारास क्रिस्टियान शेनबाइनने कापसाला नायट्रेट लावलं. हात जास्त भरले तर बंदुकीची दारू, कमी भरले तर लाखेसारखा चकचकीत लेप, सेल्युलॉइड, सिनेमाची फीत. पहिलं महायुद्ध संपल्यावर बंदुकीच्या दारूच्या कारखान्यांची क्षमता रिकामी पडली आणि काही वर्षांतच, १९२३ मध्ये, नायट्रोसेल्युलोजच्या झटपट वाळणाऱ्या रंगाने गाड्या रंगायला लागल्या. त्याआधी गाडीचा रंग वाळायला आठवडे लागत. नखांचं पॉलिश आजही याच घरातलं. सिनेमाच्या जुन्या फितींना एकदा आग लागली की पाण्याखालीसुद्धा जळत राहत, कारण तेच, ऑक्सिजन खिशात.

डायनामाइट का हरलं

डायनामाइटला हरवलं ते त्याच हिशेबाने ज्याने त्याला जिंकवलं होतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यंत्रांनी खडकात मोठाली भोकं पाडणं स्वस्त झालं. आता भोक वाचवण्यासाठी जोरकस आणि महाग स्फोटक घ्यायची गरज उरली नाही. दुसरीकडे अमोनियम नायट्रेट हे खत. ते किती भयंकर फुटू शकतं हे १९४७ मध्ये टेक्सास सिटीच्या बंदरात जहाजाला आग लागून जवळपास ६०० माणसं गेली तेव्हा जगाने पाहिलं. १९५० च्या दशकात त्यावर आधारलेली स्वस्त स्फोटकं खाणींत आली, मग पाण्यात टिकणारी जेल आणि इमल्शन आली. मोठ्या भोकात स्वस्त माल टनावारी ओतायचा, एवढा साधा हिशेब. त्याने डोकेदुखीही होत नाही, आणि हे मी शब्दशः म्हणतोय.

नायट्रोग्लिसरिनच्या कारखान्यात कामाला लागलेल्या माणसाचं डोकं पहिले काही दिवस फुटायला येई. मग शरीर सरावत असे. रविवारी सुट्टी घेतली की सराव मोडे आणि सोमवारी डोकं पुन्हा ठणके. काही कामगार सुट्टीच्या दिवशीही टोपीच्या पट्टीला थोडासा माल लावून घरी नेत, सराव मोडू नये म्हणून! सोब्रेरोची जिभेवरची डोकेदुखी ती हीच. रक्तवाहिन्या एकदम सैलावतात, त्याचा हा परिणाम.

रक्तवाहिन्या सैलावणं ही हृदयरोग्यासाठी चांगली बातमी असते. लंडनचा डॉक्टर विल्यम मरेल याने आधी स्वतःवर अनुभव घेतला आणि १८७९ मध्ये छातीतल्या कळेवर नायट्रोग्लिसरिन चालतं हे प्रसिद्ध केलं. १८९६ मध्ये खुद्द नोबेलला डॉक्टरांनी हेच पोटात घ्यायला सांगितलं. औषधवाले आणि लोक घाबरू नयेत म्हणून त्याला ट्रायनिट्रिन म्हणतात, हा नशिबाचा खेळच म्हणायचा, असं त्याने एका पत्रात लिहिलं. त्याच वर्षी डिसेंबरात तो गेला.

ते नेमकं करतं काय, हे कळायला आणखी ऐंशी वर्षं लागली. फरिद मुराद यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की नायट्रेट एस्टरमधून शरीरात नायट्रिक ऑक्साइड वायू सुटतो. पुढे कळलं की रक्तवाहिन्यांचं अस्तर तोच वायू निरोप म्हणून स्वतःही बनवतं. या कामासाठी मुराद, फर्चगॉट आणि इग्नॅरो यांना १९९८ चं पारितोषिक मिळालं, आणि ते नोबेलच्याच नावाचं. वियाग्राच्या जातीच्या गोळ्या याच निरोपाच्या पुढच्या टप्प्यावर काम करतात, म्हणून त्या आणि नायट्रेट एकत्र घेतली तर रक्तदाब धोकादायकपणे कोसळतो. सोमवारच्या डोकेदुखीचा धडाही औषधशास्त्राने उचलला: नायट्रेटचा पॅच दिवसातले काही तास काढून ठेवायला सांगतात, नाहीतर शरीर सरावतं आणि औषध लागू पडत नाही.

बाकीची भावंडंही या कामाला आली. सॉर्बिटॉलमधून पाणी काढलं की आयसोसॉर्बाइड, त्याच्या उरलेल्या दोन हातांत नायट्रेट दिले की आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट. त्याच्या गोळीच्या सॉर्बिट्रेट या नावात सॉर्बिटॉल आणि नायट्रेट दोघंही बसलेले दिसतील. मॅनिटॉल, एरिथ्रिटॉल, पेंटाएरिथ्रिटॉल, सगळ्यांचे नायट्रेट कधी ना कधी हृदयावर वापरले गेले.

जिभेखालच्या गोळीत नायट्रोग्लिसरिन असतं साधारण अर्धा मिलिग्रॅम, दुधातल्या साखरेसारख्या पदार्थात इतकं पातळ केलेलं की स्फोटाचा प्रश्नच येत नाही. एका किलोत वीस लाख गोळ्या होतात. म्हणजे कच्च्या मालाची किंमत जवळपास शून्य, आणि ग्लिसरिनचा भाव दहापट चढला तरी गोळीला त्याचा पत्ता लागणार नाही. खर्च असतो तो त्याला गोळीत धरून ठेवण्याचा. नायट्रोग्लिसरिन हळूहळू उडून जातं आणि प्लास्टिकमध्ये आणि कापसात शिरून बसतं. म्हणून या गोळ्या लहानशा गडद काचेच्या बाटलीत येतात, वर कापसाचा बोळा नसतो आणि झाकण घट्ट लावून ठेवायला सांगतात. सोयीचं म्हणून कुणी त्या सोमवार-मंगळवार लिहिलेल्या प्लास्टिकच्या डबीत काढून ठेवल्या, तर गोळी दिसायला तशीच पांढरी राहते, आतलं औषध मात्र डबीच्या भिंतीत गेलेलं असतं.